घटपर्णीच्या पाटीवरची फुली

कोकणातल्या कातळसड्यांवर पावसाळ्यात किडे खाणाऱ्या वनस्पती भरपूर उगवतात. सीतेची आसवं निळी-जांभळी पसरलेली असतात आणि त्यांच्यातच कुठे दवबिंदूची लालसर, चिकट रोपटी. नर्सरीत टांगलेल्या कुंडीतून जिचे लांबट घट लोंबतात ती घटपर्णी मात्र इथली नव्हे. वनस्पतिशास्त्रात तिचं नाव नेपेंथिस. भारतात तिची एकच जाती रानात सापडते, नेपेंथिस खासियाना, आणि तीही पार मेघालयात. तिला कायद्याचं संरक्षण आहे.

नर्सरीतली घटपर्णी सहसा ती खासियानाही नसते. ती संकरित असते, म्हणजे दोन किंवा अधिक जातींच्या मिश्रणातून माणसाने तयार केलेली. तिच्या पाटीवर ‘मिरांडा’, ‘अलाटा’, ‘गाया’, ‘लेडी लक’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, नाहीतर पाटीच नसते. विकणाऱ्याला विचारलं तर “इम्पोर्टेड आहे, किडे खाते” एवढ्यावर विषय संपतो.

नावाची एवढी चौकशी कशाला, असं वाटेल. समुद्रकाठी राहणाऱ्याला ती करावीच लागते. घटपर्णीच्या ज्ञात जाती दीडशेच्या बऱ्याच वर आहेत. मादागास्कर, सेशेल्स, श्रीलंकेपासून बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्सवरून थेट न्यू कॅलेडोनियापर्यंत त्या पसरल्या आहेत. त्यांतल्या काही समुद्रसपाटीजवळच्या दलदलीत वाढतात, तर काही दीड-दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरांवर, धुक्यात. डोंगरावरच्या जातींना दिवस थोडा उबदार चालतो, पण रात्र थंड लागते. आपल्याकडे मे महिन्यात रत्नागिरी-मालवणला पहाटेसुद्धा पारा 25-26 च्या खाली उतरत नाही. अशा हवेत बोर्निओच्या किनाबालू डोंगरावरची नेपेंथिस राजा आणून ठेवली तर ती हळूहळू खंगत जाते, आणि पाणी कमी पडलं की खत जास्त झालं, हा शोध आपण घेत बसतो. दोष ना पाण्याचा असतो ना खताचा. झाड डोंगरावरचं आहे, एवढंच. संकरित झाडाच्या बाबतीत हे कळायला त्याचे आईबाप माहीत हवेत, आणि नीट लिहिलेल्या नावात आईबापच असतात.

आता हे संकर होतात कसे, ते पाहू. घटपर्णीचा घट म्हणजे फूल नव्हे. पानाची मधली शीर टोकाला लांबून तिचा ताणा होतो आणि त्या ताण्याचं टोक फुगून घट होतो. फुलं वेगळी येतात, बारीक, एका लांब तुऱ्यावर. महत्त्वाचं म्हणजे घटपर्णीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. पपईत असतं तसंच, पण कोवळ्या रोपावरून काहीच कळत नाही. कित्येक वर्षं सांभाळून तुरा आला की मग समजतं. नर फुलात मधल्या दांड्यावर पिवळ्या परागाची गोळी असते. मादी फुलात हिरवा, फुगीर अंडाशय आणि त्याच्या माथ्यावर चिकट भाग. नराचा तुरा तोडून आणायचा आणि ती पिवळी गोळी त्या चिकट भागावर हलकेच टेकवायची, की संकर झाला. आंब्यात ह्याच कामासाठी मोहोरातल्या बारीक फुलांचे पुंकेसर चिमट्याने काढत बसावं लागतं. घटपर्णीत तो त्रासच नाही, कारण मादी फुलात पुंकेसर नसतातच.

शिवाय ह्या वंशातल्या जाती एकमेकींना फारशा परक्या नाहीत. ज्या जातींची गुणसूत्रं मोजली गेली त्यांत ती साधारणपणे 80 भरली आहेत. त्यामुळे शेकडो मैलांवरच्या दोन जातींचा संकरसुद्धा सहज फळतो आणि त्याची संततीही वांझ निघत नाही. ती पुन्हा तिसऱ्या जातीशी, चौथ्या जातीशी संकरायला मोकळी. रानातही हेच चालतं. सखल बोर्निओत नेपेंथिस रॅफ्लेसियाना आणि नेपेंथिस अँपुलारिया शेजारी-शेजारी उगवतात, तिथे दोघींच्या मधलं रूप असलेली झाडं सापडतात. आधी ती स्वतंत्र जाती समजून तिला हुकेरियाना नाव दिलं गेलं. ती संकर आहे हे नंतर उमगलं.

अडचण एकच असते. नर आणि मादी एकाच वेळी फुलायला हवेत. त्यामुळे संकरांच्या इतिहासात “ह्या दोन जाती जुळवाव्यात” ह्या विचारापेक्षा “त्या आठवड्यात दुसरं काहीच फुललं नव्हतं” ह्या योगायोगाचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. आजचे हौशी लोक पराग कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवतात आणि एकमेकांना टपालाने पाठवतात, तेव्हा कुठे ही अडचण थोडी हटली आहे.

माणसाने मुद्दाम केलेल्या संकरांची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. व्हीच नावाच्या घराण्याची तिथे मोठी रोपवाटिका होती. पूर्वेकडच्या जंगलांत आपली माणसं धाडून नवनवी रोपं आणायची, काचघरात वाढवायची आणि धनिकांना विकायची, हा त्यांचा धंदा. त्यांच्याकडचा माळी जॉन डॉमिनी ह्याने आधी ऑर्किडचा पहिला मानवनिर्मित संकर फुलवून दाखवला होता, 1856 साली. 1862 मध्ये त्याचाच घटपर्णीचा संकर पुढे आला. त्याचं नाव नेपेंथिस × डॉमिनाय. त्याची एक बाजू रॅफ्लेसियाना हे ठाऊक आहे, पण दुसऱ्या बाजूबद्दल आजही नक्की सांगता येत नाही. म्हणजे पहिल्याच संकराच्या जन्मदाखल्यात एक रकाना रिकामा राहिला!

पुढे ही मंडळी सुटलीच. आपल्या खासियानालाही त्यांनी कामाला लावलं. सँग्विनिया आणि खासियाना ह्यांचा व्हीचकडेच झालेला संकर 1881 मध्ये जाहीर झाला, तो नेपेंथिस × मास्टर्सियाना. मास्टर्स हे ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ ह्या बागकामाच्या साप्ताहिकाचे संपादक. नव्या संकरांची वर्णनं ह्याच साप्ताहिकात छापून येत, त्यामुळे संपादकांच्या नावाने एखादं झाड ठेवणं धंद्याच्या दृष्टीनेही वाईट नव्हतं.

एक संकर मात्र जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्याचा धागा थेट आपल्या नर्सरीतल्या ‘मिरांडा’पर्यंत येतो. मेरियन नॉर्थ ह्या चित्रकार बाईंनी 1876 मध्ये बोर्निओतल्या सारवाकला असताना तिथल्या चुनखडीच्या कड्यांवरच्या एका घटपर्णीचं चित्र काढलं. लंडनमध्ये हॅरी व्हीचने ते चित्र पाहिलं आणि हे झाड आपल्याकडे नाही म्हणून अस्वस्थ होऊन चार्ल्स कर्टिस ह्याला ते आणायला पाठवलं. कर्टिसने ते आणलं. वनस्पतिशास्त्रज्ञ हुकर ह्यांनी बाईंच्या नावावरून त्याचं नाव नॉर्थियाना ठेवलं. त्याच कर्टिसने आणलेल्या आणखी एका घटपर्णीला त्याचंच नाव मिळालं, कर्टिसाय. पुढे व्हीचचा माळी टिव्ही ह्याने ह्या दोघींचा संकर केला आणि 1893 मध्ये तो नेपेंथिस × मिक्स्टा म्हणून बाजारात आला. मोठे घट, त्यांवर लाल-तपकिरी शिंतोडे आणि तोंडाशी रुंद, पन्हाळीसारखी वळलेली चकचकीत कड.

नंतर अभ्यासकांच्या लक्षात आलं की कर्टिसाय ही वेगळी जाती नाहीच. 1824 मध्येच वर्णन झालेल्या मॅक्सिमाचंच ते एक रूप. नियमाप्रमाणे जुनं नाव टिकतं, म्हणून कर्टिसाय गेलं आणि मिक्स्टाचे आईबाप आता नॉर्थियाना आणि मॅक्सिमा असे लिहिले जातात. आणि आपली ‘मिरांडा’? हाच संकर पुन्हा मॅक्सिमाशी जुळवून ती झाली, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं. म्हणजे मॅक्सिमा दोनदा.

हे ऐकून वेंगुर्ल्याकडच्या माणसाला ओळखीचं काहीतरी आठवेल. तिथल्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसचा संकर करून 1981 मध्ये ‘रत्ना’ आंबा दिला. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 1992 मध्ये पातळ कोयीचा ‘सिंधू’ दिला. सिंधूत हापूस दोनदा, तशी मिरांडात मॅक्सिमा दोनदा. आंब्याचं हे उदाहरण मी पुढेही धरून ठेवणार आहे, कारण नावांचा जो गुंता परदेशी लेखांत वाचून डोकं उठतं तो कोकणातल्या बागायतदाराला आधीपासून कळलेला असतो. फक्त तो त्याला गुंता म्हणत नाही.

तर नाव. संकरित घटपर्णीला दोन निरनिराळ्या प्रकारची नावं असू शकतात आणि ती निरनिराळी माहिती देतात. पहिलं नाव “कोणाचं मूल” हे सांगतं. दुसरं “नेमकं कुठलं मूल” हे सांगतं. सगळा गोंधळ ह्या दोहोंच्या सरमिसळीचा आहे.

पहिला प्रकार म्हणजे फुलीचा. फुली म्हणजे गुणाकाराचं चिन्ह, बोलताना ‘क्रॉस’ म्हणायचं. ती दोन तऱ्हांनी येते. एक तर सरळ सूत्र लिहायचं, मॅक्सिमा × नॉर्थियाना असं. नाहीतर त्या जोडीला एक लॅटिन नाव देऊन त्याच्या आधी फुली टाकायची, नेपेंथिस × मिक्स्टा असं. ह्या लॅटिन नावाची व्याप्ती मोठी असते. त्या दोन जातींपासून झालेली सगळी संतती त्यात येते, मग आई कुठली आणि बाप कुठला ते कसंही असो. संततीची संततीही येते, आणि पुन्हा आईबापांपैकी एकाशी जुळवलेलीही येते. त्यामुळे वर सांगितलेली वंशावळ खरी धरली तर मिरांडासुद्धा शास्त्राच्या हिशेबात मिक्स्टाच. एकाच फळातल्या दोनशे बियांची दोनशे रोपं झाली आणि त्यांतलं एक हिरवं, एक लाल, एक ठिपक्यांचं निघालं, तरी फुलीचं नाव सगळ्यांचं एकच.

सूत्रात आधी कोणाला लिहायचं, ह्यावर लोक तावातावाने भांडतात. बागकाम करणाऱ्यांचा रिवाज असा की आई आधी, बाप नंतर. वनस्पतिशास्त्राच्या नियमावलीत मात्र वर्णानुक्रमे लिहावं अशी शिफारस आहे. आई आधी लिहायची तर तसं स्पष्ट सांगावं किंवा नर-मादीची चिन्हं टाकावीत, असंही ती म्हणते. आंब्यात मल्लिका ही नीलम × दशेरी आणि आम्रपाली ही दशेरी × नीलम. दोन्हींत आईबाप तेच, फक्त बाजू उलट, आणि आंबे मात्र वेगळे. घटपर्णीतही बाजू लिहून ठेवलेली बरी. फरक पडतोच असं नाही, पण लिहिलेली माहिती कोणाला जड होत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे एकेरी अवतरणातलं नाव, ‘मिरांडा’सारखं. हे वाणाचं नाव. दोनशे रोपांतलं एक कोणाला आवडलं, त्याने ते निवडलं, फाटे तोडून किंवा ऊतिसंवर्धनाने त्याच्या हजारो प्रती केल्या आणि त्या सगळ्या प्रतींना मिळून एक नाव दिलं. हापूसचं कलम हापूसच असतं, कारण ते त्याच झाडाचं लाकूड असतं, आणि हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, हे कोकणात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. वाणाच्या नावाचा नियम नेमका हाच. नाव फाट्याबरोबर जातं, बीबरोबर जात नाही. 1959 पासून वाणांची नवी नावं लॅटिनमध्ये ठेवता येत नाहीत, ती चालू भाषेतलीच हवीत. त्यामुळे नाव लॅटिन दिसतंय की रोजच्या भाषेतलं, ह्यावरूनही बऱ्याचदा प्रकार ओळखता येतो.

घटपर्णीत तर हा नियम आंब्यापेक्षा कडक बसतो. नर-मादी वेगळी असल्यामुळे एका मिरांडाला स्वतःपासून बी धरताच येत नाही. तिच्या सगळ्या प्रती एकाच लिंगाच्या. बी झालंच तर दुसऱ्या कुठल्या तरी झाडाच्या मेळाने झालेलं असणार. म्हणून ऑनलाइन कोणी ‘मिरांडाचं बी’ विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. घटपर्णीचं बी केसासारखं बारीक, दोन्ही टोकांना निमुळतं असतं आणि त्याचं जीवमान थोडं असतं. त्या पाकिटातून बऱ्याचदा भलतंच काही निघतं. निळे, काळे, इंद्रधनुषी घट असलेल्या फोटोंबद्दल तर बोलायलाच नको.

‘लेडी लक’ आणि ‘ब्लडी मेरी’ ही दोन नावं घ्या. दोन्हींचे आईबाप अँपुलारिया आणि व्हेंट्रिकोसा असेच सांगितले जातात. मग एकच झाड दोन नावांनी का? ‘रत्ना’ आणि ‘कोकण रुची’ दोन्ही नीलम-हापूसचीच संतती, पण एक गर खाण्याचा आंबा आणि दुसरा लोणच्याचा. आईबाप तेच असले तरी भावंडं वेगळी असतात आणि नाव भावंडाचं असतं. ऑर्किडवाल्यांकडे ह्या दोन्हींच्या मधली आणखी एक पायरी आहे. एका जोडीच्या सगळ्या भावंडांना मिळून एक साधं नाव देता येतं आणि लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी त्याची नोंद ठेवते. घटपर्णीला ही सोय नाही. तरी काही विक्रेते एका फळातली सगळीच रोपं एका झोकदार नावाने विकतात, मग दोन घरांतली एकाच नावाची झाडं एकमेकांशी जुळत नाहीत आणि तुझी खोटी की माझी असा वाद लागतो. खरं तर दोघांपैकी कोणाचंच झाड खोटं नसतं. ते नावच नियमात बसणारं नसतं.

सगळ्यात जास्त घोळ ‘अलाटा’चा. ह्या नावाने मिळणारी झाडं बहुतेक वेळा नेपेंथिस × व्हेंट्राटा असतात. बाजारातली ही सर्वांत सामान्य घटपर्णी. खाली लालसर, फुगीर, मध्ये कंबरेसारखे आवळलेले, वर हिरवट असे घट. व्हेंट्रिकोसा आणि अलाटा ह्या दोन फिलिपिनी जातींचा संकर म्हणून दोन्ही नावांचे तुकडे जोडून ‘व्हेंट्राटा’ केलं. पुढे 2013 मध्ये अलाटाच्या गटाची शास्त्रज्ञांनी नव्याने मांडणी केली, तेव्हा ज्याला सगळे अलाटा म्हणत होते त्यातला बराच भाग ग्रॅसिलिफ्लोरा ह्या जातीत गेला. खरी अलाटा मर्यादित भागातली निघाली. म्हणजे पाटीवरचं ‘अलाटा’ दोनदा चुकलेलं आहे. एक तर ते झाड शुद्ध जातीचं नाही, आणि ज्या आईबापावरून ते नाव आलं तो बहुधा अलाटाही नाही. व्हेंट्राटा हे नाव मात्र तसंच चालू आहे. आईबापांची ओळख बदलली म्हणून एकदा नियमाने छापलेलं नाव मोडीत काढायचं नसतं. मला हा नियम पटतो. नाहीतर दर दहा वर्षांनी पाट्या बदलत बसावं लागेल.

वाणाच्या नावांची नोंद इंटरनॅशनल कार्निव्होरस प्लांट सोसायटी ही संस्था ठेवते. मांसाहारी वनस्पतींच्या वाणांसाठी 1998 पासून तीच अधिकृत नोंदणीकर्ती आहे. झाडाचं वर्णन, इतरांपेक्षा ते वेगळं कसं, त्याचा प्रमाण म्हणून फोटो, असं सगळं द्यावं लागतं आणि ते छापून प्रसिद्ध व्हावं लागतं. पण नोंदणी म्हणजे आईबाप खरे असल्याचा दाखला नव्हे, आणि मालकी हक्कही नव्हे. एकाच नावाची दोन झाडं होऊ नयेत, एवढाच तिचा हेतू. बाजारातली कित्येक नावं ह्या वहीत नसतातच, ती विक्रीसाठी चिकटवलेली असतात.

आता किनाऱ्यावरच्या माणसाने पाटी वाचून काय ठरवायचं? आईबापांत अँपुलारिया, रॅफ्लेसियाना, मिराबिलिस, नॉर्थियाना अशी सखल भागातली नावं असली तर निर्धास्त घ्या. व्हेंट्रिकोसा डोंगरावरची, पण तिचे सखल जातींशी झालेले संकर काटक निघतात, लेडी लक हे त्याचंच उदाहरण, आणि व्हेंट्राटाही तशीच काटक. मॅक्सिमा अगदी सखल भागापासून उंच डोंगरापर्यंत सगळीकडे मिळते, म्हणून तिची संतती सहसा जुळवून घेते. ‘गाया’त खासियाना, व्हेंट्रिकोसा आणि मॅक्सिमा अशा तिघी आहेत, तीही कोकणात तग धरायला हरकत नाही. सूत्रात व्हिलोसा, राजा, लोवी अशी उंचावरची नावं दोन्ही बाजूंना दिसली तर कितीही सुंदर असलं तरी ते झाड आंबोलीवाल्यांसाठी सोडून द्या, आणि त्यांनीही विचार करूनच घ्यावं. पाटीवर नुसतं गोंडस नाव असेल आणि आईबाप लिहिलेले नसतील, तर मी ते झाड घेत नाही. बिननावाचं पण सूत्र लिहिलेलं रोप मला त्याच्यापेक्षा मोलाचं वाटतं.

बाकी देखभाल कोकणात अवघड नाही. पागोळीचं पाणी धरून ठेवा, कारण किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी तिला सोसत नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरायचे तर दोन-तीनदा धुऊन त्यातला खारटपणा काढा. साधी लाल माती नको. सकाळचं कोवळं ऊन, आणि ऑक्टोबरच्या उन्हाच्या तडाख्यात जाळीची सावली.

आणि पाटी स्वतः लिहा. प्लास्टिकच्या पट्टीवर पेन्सिलीने, कारण मार्करची शाई इथल्या पावसात एका मोसमात उडते. वर सूत्र, आई आधी लिहिली असेल तर तसं नमूद करून. वाण असेल तर त्याचं नाव एकेरी अवतरणात. मागच्या बाजूला कुठून आणि कधी आणलं ते, आणि तुरा येईल त्या वर्षी नर की मादी.